बाटलीनं की पावसानं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत. टॉनिक, ग्रोथ प्रमोटर, ह्युमिक, सीविड, कोणी नुसतंच झाडाची दवाई म्हणतं, अन् प्रश्न फिरून फिरून तोच की हे खरंच काम करतं का. म्हणून कीड-रोगाचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, यावेळी फक्त हेच.

प्रश्न, दर्यापूर तालुक्यातून एक ताई: सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, वांगे, टमाटर अन् मिरच्या लावते. उन्हाळ्याच्या शेवटी सगळी झाडं बसल्यासारखी झालती, फुलं गळून राहिली होती. कृषी केंद्रातून टॉनिकची बाटली आणली, दोन फवारण्या मारल्या अन् पंधरा दिवसात झाडं अशी उठली की शेजारीण नाव विचारायला आली. आमचे मालक म्हणतात बाटली-बिटली काही नाही, ते पावसानं झालं. खरं कोणाचं?

उत्तर: ताई, दोघांपैकी कोणाचंही खरं असू शकतं, पण तुम्ही जसं केलं त्यावरून ते ठरवता येत नाही. हे मी तुम्हाला बोल लावायला सांगत नाही, माझ्याच हातून हेच झालेलं आहे. मी लग्न होऊन इथं आले त्याच्या पुढच्या वर्षी वांग्याला असंच एक टॉनिक मारलं, झाडं फोफावली, मी गल्लीभर सांगत फिरले अन् पुढची तीन वर्षं न चुकता तीच बाटली आणली. चौथ्या वर्षी काय झालं की शेवटच्या दोन ओळी राहिल्या असतानाच औषध संपलं. दुसरी आणायला पैसे नव्हते म्हणून जिथं फवारणी थांबली तिथं एक तुराटी खोसून ठेवली, म्हटलं आठ दिवसांनी इथून पुढं मारू, ते राहूनच गेलं. तोडणीच्या वेळी मी उभी राहून बघते तर कुठपर्यंत मारलं होतं तेच ओळखू येईना, ती तुराटी शोधावी लागली तेव्हा कळलं. तीन वर्षांचे पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की मी दहा बायकांना तीच बाटली घ्यायला लावली होती.

तर मुद्दा असा की आपण टॉनिक कधी आणतो? झाड सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा. आपल्याकडे नवतपा म्हणजे 25 मे च्या आसपासचे दिवस, पारा 45 च्या पुढं जातो, त्या उन्हात टमाटराचं फुल टिकतच नाही, दिवसाचं तापमान 35 च्या वर राहिलं अन् रात्रही गरम असली की परागकण नीट तयार होत नाहीत मग फुल वाळून पडतं. तेव्हा तुम्ही बाटली आणता, फवारता, अन् तेवढ्यात मृग लागतो, एक-दोन पाऊस पडतात, हवा थंड होते, अन् झाड उठतं. ते बाटली नसती तरी उठलं असतं की नाही हे सांगायला तुमच्याजवळ एकही झाड बिना बाटलीचं उरलेलं नाही. सगळ्यांवर मारलं न. आधीचा फोटो अन् नंतरचा फोटो दाखवतात त्याच्यातही हीच गोम आहे, दोन फोटोंच्या मधात फक्त बाटली नसते, पंधरा दिवसही असतात.

म्हणून कोरं झाड ठेवायचं. यात काही मोठं शास्त्र नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड नावाचं एक जुनं शेती संशोधन केंद्र आहे, तिथं 1843 पासून एकाच वावरात दरवर्षी गहू पेरतात अन् त्यातला एक पट्टा तेव्हापासून आजपर्यंत बिना खताचा ठेवला आहे. शेजारच्या पट्ट्यात खतानं किती फरक पडला ते त्या कोऱ्या पट्ट्यामुळं कळतं, तो नसता तर नुसत्या गप्पाच राहिल्या असत्या.

सांदवाडीत करायचं कसं ते नीट सांगते कारण इथंच सगळ्यांचं चुकतं. एक झाड मारलेलं अन् एक कोरं एवढ्यावर भागत नाही, दोन सख्ख्या बहिणी सुद्धा सारख्या उंचीच्या नसतात. बारा रोपं घ्या, एकाच वाफ्यातली, एकाच दिवशी लावलेली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून लावली तर अजून बरं कारण माती तरी सारखी राहते. आता त्यांच्या जोड्या लावा, सगळ्यात जोमदार दोन एका जोडीत, त्याच्या खालची दोन दुसऱ्या जोडीत, अशा सहा जोड्या. प्रत्येक जोडीतल्या कोणाला टॉनिक मिळणार ते रुपया उडवून ठरवा. स्वतःच्या मनानं ठरवू नका, आपला हात नकळत चांगल्या झाडाकडंच जातो. जोडी जवळजवळ ठेवा, एक कडुनिंबाच्या सावलीत अन् दुसरं धुऱ्याकडच्या मोकळ्या उन्हात असं नको, कडेचं झाड तसंही जास्त वाढतं कारण त्याला एका बाजूनं भांडायला कोणी नसतं.

कोऱ्या झाडालाही फवारायचं, पण नुसतं पाणी, तेवढंच, त्याच वेळी. कारण उन्हाळ्यात पानावर पडलेल्या पाण्यानंही झाडाला बरं वाटतं अन् आपण त्याचं श्रेय दवाईला देऊन बसतो. फवारताना मधात पोतं धरा म्हणजे तुषार इकडचे तिकडं जाणार नाहीत. अन् पंप तणनाशकाचा नको. टू-फोर-डी मारलेला पंप तीनदा धुतला तरी टमाटर अन् पऱ्हाटीची (कपाशीची) पानं वाकडीतिकडी होऊ शकतात, मग तुमचा प्रयोग भलतीकडंच जाईल.

कोणाला काय दिलं ते वहीत लिहा, झाडावर फक्त नंबर टाका, ऑइल पेंटनं पोत्यावर 1 ते 12. अन् तोडणी करून वजन करायला असं माणूस घ्या ज्याला ती वही माहीत नाही. माझ्याकडं हे काम नातीचं आहे, ती काट्यावर टोपली ठेवते अन् आकडा ओरडून सांगते, तिला कोणतं झाड आजीचं लाडकं आहे याच्याशी काही घेणं नाही. पान किती हिरवं, झाड किती टवटवीत हे डोळ्याचं मोजमाप नको, किती ग्रॅम वांगे निघाले ते मोजा अन् पहिल्याच तोड्यावर नाही, सगळ्या तोड्यांची बेरीज.

शेवटी सहाच्या सहा जोड्यांत टॉनिकवालं झाड पुढं असलं तर समजा काहीतरी आहे, कारण नुसत्या नशिबानं सहाही जोड्या टॉनिकच्याच बाजूनं पडायची शक्यता 64 मध्ये एक. पाच किंवा जास्त पडायची शक्यता नऊमध्ये एक, म्हणजे शंका ठेवून पुढच्या हंगामात पुन्हा करा. अन् चार किंवा जास्त जोड्यांत पुढं असणं हे तर तीनात एकदा नशिबानंच होतं, त्यावर पैसे लावू नका. तीन-तीन आलं तर मालकांना चहा करून द्या, त्यांचं खरं निघालं.

प्रश्न, कळंब तालुका, यवतमाळ: माझ्या बाटलीनं चौथ्या-पाचव्या दिवशी पानं काळीभोर हिरवी होतात, हे डोळ्यानं दिसतं, कोरं झाड ठेवूनही पाह्यलं, फरक आहेच. मंग तर काम करते न?

उत्तर: भाऊ, करते. पण बाटलीतलं कोण काम करतं ते पाहा. तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या फोटोत बारीक अक्षरात नत्र 5 टक्के लिहिलं आहे. अर्धा लिटरच्या बाटलीत 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम नत्र. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे तेवढंच नत्र 54-55 ग्रॅम युरियात मिळतं. 45 किलोची युरियाची बॅग साधारण 266 रुपयाला येते, किलोला सहा रुपये धरा, तर 55 ग्रॅमचे झाले 33 पैसे. बाकी नावं जी लेबलवर मोठ्या अक्षरात आहेत, अमिनो, एन्झाइम, समुद्री अर्क, त्यांनी त्या 33 पैशाच्या वर काही केलं का, हा खरा प्रश्न आहे.

तो सोडवायला कोरं झाड अन् पाणी पुरत नाही, तिसरा गट लागतो. त्याला साध्या युरियातून तेवढंच नत्र द्यायचं, लिटरला 10 ग्रॅमच्या वर जाऊ नका, संध्याकाळी मारा, कोवळ्या रोपाला मारू नका नाहीतर पानाच्या कडा जळतात. तुमची बाटली युरियावाल्या झाडाच्या पुढं गेली तर ती घ्या अन् मलाही कळवा.

प्रश्न, मेहकर तालुका, बुलडाणा: युरिया मागितला की दुकानदार ह्युमिकची बकेट सोबत घ्याच म्हणतो, नाही घेतली तर युरिया नाही. आता तीन बकेटा घरात पडून आहेत. वावरात टाकू की परसबागेत? उपयोग होतो का काही?

उत्तर: याला आपल्याकडं लिंकिंग म्हणतात अन् हे चूक आहे, दुकानदाराला तसं करता येत नाही. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अनुदानाच्या खतासोबत अशा वस्तू गळ्यात मारणं बंद करा म्हणून सांगितलं. त्याच महिन्यात त्यांनी हेही सांगितलं की देशात साधारण 30 हजार बायोस्टिम्युलंट, म्हणजे हीच झाडाची वाढ चेतवणारी टॉनिकं, कोणाच्या तपासणीशिवाय विकले जात होते, त्याआधीच्या चार वर्षांतही 8 हजारांच्या आसपास होते, अन् कडक तपासणीनंतर ते 650 च्या आसपास आले. 30 हजारांवरून साडेसहाशे. म्हणजे जे गळले त्यांच्यातलं किती आपल्या वावरात गेलं असेल, विचार केला तरी पोटात कालवतं. तर पक्कं बिल मागा, दोन्ही वस्तू बिलावर वेगळ्या लिहून घ्या अन् पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या. तोंडी सांगून काही होत नाही.

बकेटवर काय पाहायचं तेही सांगते. 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट पहिल्यांदा आले, त्याआधी त्यांना कोणता कायदाच नीट लागू नव्हता. ह्युमिक, सीविड, अमिनो हे सगळे त्यात येतात. कंपन्यांना तात्पुरत्या नोंदणीवर विकायची मुभा होती ती 16 जून 2025 ला संपली. त्यामुळं जुन्या तात्पुरत्या नंबरवर आजही माल दाखवत असतील तर घेऊ नका.

आता उपयोग. ह्युमिक सगळं खोटं असं मी म्हणणार नाही, वाळूत किंवा पाण्यात वाढवलेल्या रोपांच्या मुळ्या त्यानं खरंच वाढतात. पण तुमची जमीन वाळू नाही, काळी भारी जमीन आहे. एक एकराचा वरचा सहा इंचाचा थर धरला तर त्या मातीचं वजन होतं साधारण 9 लाख किलो. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का जरी आला तरी त्या मातीत आधीच साडेचार हजार किलो कर्ब आहे. त्यात किलोभर ह्युमिक टाकून जमीन सुधारते असं जे सांगतात त्यांना हा हिशोब कागदावर करून दाखवायला सांगा. एक बैलगाडी शेणखत म्हणजे साधारण पाच क्विंटल, ते टाकलं तर फरक पडायला निदान जागा तरी आहे. घरात पडलेल्या बकेटा फेकू नका, आल्या आहेत तर सहा जोड्यांवर वापरून पाहा, लिंकिंगच्या पैशातून निदान माहिती तरी निघेल.

प्रश्न, आर्वीकडून: सेंद्रिय म्हणून आणलेलं एक द्रावण भेंडीला टाकलं. झाडं आठ दिवसात भराभर उंच झाली, पण पानं फिकी अन् भेंड्या आधीपेक्षा कमी. असं काऊन?

उत्तर: दोन पेऱ्यांमधलं अंतर मोजा. आधी तीन बोटं होतं अन् आता वीतभर झालं असेल, खोड लवचिक अन् फिकं, तर ही खूण जिब्रेलिक ॲसिडची, म्हणजे झाडाला लांब वाढवणाऱ्या द्रव्याची आहे. सावलीत वाढलेलं झाडही असं दिसतं म्हणून ते आधी तपासा. जिब्रेलिक वाईट वस्तू नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ थांबवायला 100 लिटर पाण्यात फक्त दीड ग्रॅम वापरतात, एवढ्याशा मात्रेत ते काम करतं यावरूनच त्याची ताकद समजा. उलट कपाशीची उंची थांबवायला मेपिक्वाट क्लोराईड मारतात. ही खरी वाढ-नियंत्रकं आहेत, एका पिकावर एका वेळी एक काम करणारी, अन् ती 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, त्यांच्या डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो. तुमच्या बाटलीवर तो नाही अन् फक्त सेंद्रिय लिहिलंय, तर रिकामी बाटली अन् बिल जपून ठेवा, कृषी अधिकाऱ्याला नमुना घ्यायला सांगा. झाड उंच झालं म्हणजे वाढलं असं नाही ताई, आपल्याला भेंडी पाहिजे, काठी नाही.

प्रश्न, वरुड: अंगणातल्या लिंबाची अन् गुलाबाची नवी पानं पिवळी पडून राहिली, शिरा हिरव्या. कोणी एप्सम सॉल्ट सांगते, कोणी अंड्याची टरफलं. दोन्ही केलं, फरक नाही.

उत्तर: याचं उत्तर तुम्ही स्वतःच आठ-दहा दिवसात काढू शकता अन् मला ही चाचणी फार आवडते. नव्या पानाच्या शिरा हिरव्या अन् मधला भाग पिवळा हे बहुतेक लोहाच्या कमतरतेचं लक्षण. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, अन् मॅग्नेशियमचं पिवळेपण जुन्या, खालच्या पानांवर आधी येतं, म्हणून एप्समनं फरक पडला नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (लोहाचं मीठ, फेरस सल्फेट) घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळा. रंगाचा बारीक ब्रश घेऊन एका पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागावर, मधल्या शिरेच्या एका बाजूला, हे पाणी लावा. दुसरी बाजू कोरडी. दोन दिवसांनी पुन्हा एक हात द्या. अशी पाच-सहा पानं करा अन् देठाला लाल दोरा बांधा म्हणजे हरवणार नाहीत. लोह पानातल्या पानात फारसं सरकत नाही, त्यामुळं लोहच कमी असेल तर लावलेली बाजू हिरवी होईल अन् न लावलेली पिवळीच राहील, एकाच पानावर दोन रंग. आमच्या लिंबावर हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते पान तोडून दिवसभर सगळ्यांना दाखवत होते. दोन्ही बाजू पिवळ्याच राहिल्या तर बुडाशी पाणी साचतं का ते पाहा, काळ्या मातीत मुळ्या गुदमरल्या तरी पान पिवळं पडतं.

अंड्याच्या टरफलांचं म्हणाल तर तो चुनाच आहे. चुना आम्लात विरघळतो अन् आपली जमीन आम्लाच्या उलट, वावरात पांढरे चुनखडीचे खडे दिसतात त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. मुळात चुन्यामुळंच लोह झाडाला लागत नाही, तिथं अजून चुना घालून काय होणार.

प्रश्न, उमरेड: पुण्याहून पुतण्यानं रोप हलवताना टाकायचं व्हिटॅमिन बी-वनचं औषध आणून दिलं. टाकू का?

उत्तर: 1930 च्या दशकात अमेरिकेत कॅल्टेकमध्ये जेम्स बॉनर या शास्त्रज्ञानं वाटाण्याच्या मुळांची कापलेली टोकं काचेच्या भांड्यात वाढवली, तिथं बी-वननं वाढ झाली. तिथून ही गोष्ट पसरली. पण तुटलेल्या मुळाला पान नसतं. अख्ख्या झाडाची पानं बी-वन स्वतःच बनवतात अन् मुळांना पुरवतात. पुतण्याचं मन मोडू नका, पण रोप संध्याकाळी हलवा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, चार दिवस पळसाच्या पानांची सावली करा. त्यानं रोप जगतं.

प्रश्न, समुद्रपूर तालुका, वर्धा: तुम्ही सगळ्या बाटल्यांना तपासायला सांगता, जीवामृताला का नाही सांगत? अन् रायझोबियमचं पाकीट चालतं का?

उत्तर: सांगते न, त्यालाही हीच कसोटी. जीवामृत घरोघरी पोचवणारे सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण आदर म्हणजे मोजमाप नाही. 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ अन् दोन किलो बेसन, 200 लिटर पाणी, हे एकराला. ढोबळ हिशोबानं यात सगळं मिळून पाव किलोच्या आतबाहेर नत्र निघतं अन् कोरडवाहू पऱ्हाटीला एकरी वीस-पंचवीस किलो लागतं. समर्थक म्हणतात की हे खत नाही, विरजण आहे, जमिनीतले जिवाणू वाढवतं. ठीक आहे, मग ते पिकात दिसलं पाहिजे. अन् इथं कोऱ्या ओळीला तेवढंच साधं पाणी घातलंच पाहिजे, कारण पावसाचा खंड पडला असताना कोणी 200 लिटर पाणी बुडाशी टाकलं तर त्याचा फरक नुसत्या पाण्याचाही असू शकतो. मी दोन वर्षं मिरचीवर केलं, जोड्या कधी इकडं कधी तिकडं पडल्या, मला ठाम काही सांगता येत नाही. आच्छादन मात्र सोबत केलं की ओल टिकली, ते हात मातीत घालून कळतं.

रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू. त्यांची गोष्ट वेगळी, ते काम करतात का हे गाठीच्या आत डोकावून पाहता येतं. पण पाकिटात जिवंत जिवाणू आहेत, टिनाच्या शेडमध्ये मे महिनाभर तापलेलं पाकीट घेतलं तर तुम्ही नुसती काळी भुकटी घेतली. तारीख पाहा, थंड जागेतलं मागा, बियाण्याला सावलीत चोळा. अन् परसात बरबटी (चवळी) लावत असाल तर दोन ओळी चोळलेल्या अन् दोन कोऱ्या पेरा. साधारण 35-40 दिवसांनी दोन्हीकडची चार-चार झाडं ओल्या मातीतून अलगद उकरून काढा, ओढू नका, गाठी तुटून मातीत राहतात. मुळं बादलीत धुवा, गाठी मोजा, अन् त्यातल्या पाच-सहा नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघालं तर गाठ नत्र बांधून राहिली आहे, पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती कामाची नाही. कोऱ्या ओळीतही तेवढ्याच गुलाबी गाठी निघाल्या तर तुमच्या मातीत ते जिवाणू आधीपासूनच आहेत, पुढच्या वर्षी पाकीट आणू नका.